‘टायगर’ रणगाडा आणि रचनेंतील औचित्य

एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावयास बसलेल्या टीकाकाराच्या हातून एक प्रमाद वारंवार घडतो. ग्रंथांतील उत्कृष्ट स्थळें तो वेंचून काढतो, प्रत्येकाची निरनिराळी वाखाणणी करतो, आणि त्या वाखाणणीची बेरीज करून ग्रंथ उत्कृष्ट असल्याचा निकाल देऊन मोकळा होतो. अवयव चांगले म्हणून अवयवी चांगला, हा त्याचा हेत्वाभास असतो. काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत लिहिलेली ‘औचित्यविचारचर्चा’ ज्यानें लक्षपूर्वक वाचली असेल त्याला हा हेत्वाभास ओळखणें कठीण जाणार नाहीं. मेखला कितीहि मौल्यवान असली तरी गळ्यांत घातल्यास ती हास्यास्पदच ठरते, हा त्याचा दृष्टांत सुप्रसिद्ध आहे. अलंकाराला शोभा येते ती त्याच्या स्थानामुळें, असा त्या ग्रंथाचा एकंदर रोख आहे.

हीच कसोटी काव्याखेरीज इतर रचनांस लावून पाहतां येईल काय, असा विचार आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. घर, पूल, यंत्र याहि मनुष्याच्या बुद्धीच्या रचनाच आहेत. शिवाय यंत्राच्या बाबतींत टीकाकाराची एक मोठी सोय असते. ग्रंथाचा दोष दाखविला असतां ‘रुचिभेद’ असें म्हणून त्याचे कैवारी निसटूं शकतात. यंत्राच्या कैवाऱ्यांना ही पळवाट नाहीं, कारण सदोष यंत्र भर रस्त्यांत बंद पडतें. म्हणून आज आम्ही परीक्षणासाठीं एक यंत्र घेतलें आहे, आणि तेंहि असें कीं ज्याच्या वांट्याला बहुतेक ग्रंथांहून अधिक स्तुति आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनांचा ‘टायगर’ हा अवजड रणगाडा तें यंत्र होय. संपूर्ण रणगाड्याची चिकित्सा करण्याचा आमचा विचार नाहीं. त्याची गिअरबॉक्स कोठें व कशी बसविली होती, आणि बिघडल्यावर ती बाहेर कशी काढावी लागे, एवढेंच आम्ही पाहणार आहों.

हा प्रश्न आम्हांला आमच्या एका विद्यार्थ्यानें सुचविला, हें प्रारंभींच कबूल केलें पाहिजे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें रणगाड्यांचें जें संग्रहालय आहे तें पाहावयास कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मुलांसह गेलों होतों. इतर मुलें तोफेच्या नळीखालीं उभीं राहत होतीं, चिलखतावर टिचक्या मारून पाहत होतीं. ट्रकदुरुस्तीच्या धंद्यांत ज्याचे वडील आहेत असा एक मुलगा मात्र एका रणगाड्याभोंवतीं दोन फेऱ्या घालून आम्हांकडे आला व म्हणाला, “सर, हा बिघडला म्हणजे उघडतात कोठून?” त्या वेळीं आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें रणगाड्यांविषयीं जें वाचलें त्यांत हा प्रश्न आमची पाठ सोडीना, आणि ‘टायगर’पाशीं आल्यावर त्याचें महत्त्व आमच्या पुरतें लक्षांत आलें.

‘टायगर’ची आखणी कासेल येथील हेन्शेल कारखान्यांत एर्विन आडर्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं झाली. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत असे सुमारे १३५० रणगाडे बाहेर पडले. वजन सुमारे ५७ टन, समोरचें चिलखत १०० मिलिमीटर जाड, तोफ ८८ मिलिमीटरची. ‘टायगर’च्या भक्तांची स्तुति बहुधा या तीन आंकड्यांपाशीं सुरू होते व तेथेंच संपते. आंकडे खरे आहेत, आणि त्या तोफेची व त्या चिलखताची समोरच्या सैनिकांना वाटलेली भीतीहि खरी होती. परंतु तोफ आणि चिलखत ही रणगाड्याची दर्शनी बाजू झाली. ५७ टनांचें तें धूड रणभूमीपर्यंत पोंचविण्याची व तेथून परत आणण्याची जबाबदारी आंतल्या चक्रांवर होती.

यंत्रशास्त्राशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पेट्रोलवर चालणारें इंजिन फेऱ्यांच्या एका ठराविक मर्यादेंतच आपली पूर्ण शक्ति देतें. चढावर जोर अधिक हवा असतो, सपाटीवर वेग अधिक हवा असतो. ही देवघेव लहानमोठ्या दंतचक्रांच्या ज्या पेटींत होते ती गिअरबॉक्स. मोटारींतहि ती असतेच. रणगाड्यांत आणखी एक अडचण असते. त्याला वळवावयास पुढचीं चाकें नसतात. उजवा व डावा पट्टा कमीअधिक वेगानें फिरवूनच त्याला वळावें लागतें. त्यामुळें गिअरबॉक्सच्या जोडीला वळण देणारी दुसरी यंत्रणा लागते. ‘टायगर’मध्यें मायबाख बनावटीचें बारा सिलिंडरांचें इंजिन मागच्या टोकाला होतें, प्रथम तें २१ लिटरांचें व ६५० अश्वशक्तीचें असे, मे १९४३ पासून २३ लिटरांचें व ७०० अश्वशक्तीचें बसवूं लागले. पट्टे ओढणारीं दांतेरी चाकें मात्र अगदीं पुढच्या टोकाला होतीं. साहजिकच इंजिनाची शक्ति एका लांब फिरत्या दांड्यानें, तोफेच्या बुरुजाच्या तळाखालून, माणसांच्या पायांखालून, पुढें न्यावी लागे. जातां जातां त्याच दांड्यावरून कांहीं शक्ति बुरूज फिरविण्यासाठींहि काढून घेतलेली असे. पुढें पोंचल्यावर ती गिअरबॉक्समध्यें शिरे. गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला वळणाची यंत्रणा जोडलेली असे. तिच्यापासून दोन्ही बाजूंना आडवे दांडे निघत. आणि धडाच्या भिंतींना बोल्टांनीं जखडलेल्या अखेरच्या दंतचक्रांतून ती शक्ति दांतेरी चाकांना मिळे.

आतां या गिअरबॉक्सचे गुण पाहूं. ही मायबाखचीच ‘ओल्व्हार’ नांवाची गिअरबॉक्स होती. पुढें जाण्याचे आठ व मागें येण्याचे चार असे गिअर तिच्यांत होते. साध्या मोटारींत दांडी ओढून चक्रें एकमेकांत बसवावीं लागतात. येथें चालकानें हवा तो गिअर एका लहानशा दांडीनें नुसता निवडून ठेवावयाचा, चक्रांची जुळवाजुळव तेलाच्या दाबानें आपोआप होई. वळणाची यंत्रणाहि तशीच निष्णात होती. ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यांतील मेरिट-ब्राउन पद्धतीशीं तिचें जवळचें नातें होतें. प्रत्येक गिअरमध्यें एक मोठें व एक लहान अशीं दोन वळणें घेतां येत, आणि गिअर निवडलेला नसतां रणगाडा जागच्या जागीं फिरवितां येई. त्या काळच्या बहुतेक रणगाड्यांचे चालक दोन दांड्या ओढून घामाघूम होत असतां ‘टायगर’चा चालक मोटारीप्रमाणें चक्र हातांत धरून बसे. आमच्या टीकाकाराच्या भाषेंत बोलावयाचें तर हा अलंकार अस्सल सोन्याचा होता, आणि त्याच्या घडणावळींत खोट काढणें अन्यायाचें होईल.

तो कोठें घातला होता, हें आतां पाहावयाचें. रणगाड्याच्या पुढच्या भागांत डावीकडे चालक व उजवीकडे बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारा सैनिक बसे. या दोघांच्या मध्यें गिअरबॉक्स अशी पसरलेली होती कीं ते एकाच खोलींत असूनहि जणूं एका लोखंडी भिंतीच्या दोन बाजूंना बसत. मधली जागा अशी व्यापल्यामुळें संदेशयंत्रें तिच्यावरच्या फळीवर ठेवावीं लागलीं. पेटीच्या पुढें १०० मिलिमीटरची पोलादी तक्तपोशी, कडेच्या तक्त्यांत खांचे पाडून गुंतविलेली व वितळवून सांधलेली. वर सुमारे २५ मिलिमीटर जाडीचें छत, तेंहि सांधून कायमचें बसविलेलें. त्या छतांत दोन्ही सैनिकांना आंतबाहेर करण्यापुरतीं गोल झांकणें होतीं, परंतु त्यांतून माणूस जाई, गिअरबॉक्स जाणें शक्य नव्हतें. पाठीमागें बुरूज. एकंदरीत ही पेटी जन्मतःच कोंडलेली होती.

येथें पूर्वपक्षाची बाजू न मांडणें हें टीकाकाराच्या धर्माला सोडून होईल. गिअरबॉक्स पुढें ठेवण्यांत जर्मनांचा निव्वळ हट्ट होता असें नव्हे. त्यांच्या पूर्वीच्या सर्व मुख्य रणगाड्यांत हीच मांडणी होती व तिचा त्यांना अनुभव होता. इंजिन मागें व चक्रें पुढें ठेवल्यानें जड बुरूज मध्यावर येऊन भार समतोल राहतो. पट्टा वरच्या बाजूनें मागून पुढें येत असतां त्यावरचा चिखल वाटेंत गळून पडतो व दांतेरी चाकांत कमी अडकतो. चालक व पेटी शेजारीं शेजारीं असल्यानें त्यांना जोडणारे दांडेसांधे आंखूड राहतात. याच्या उलट उदाहरण पाहावयाचें असल्यास रशियाचा टी-३४ घ्यावा. त्याचें इंजिन व गिअरबॉक्स दोन्हीं मागें होतीं; त्यामुळें चालकाच्या हातापासून पेटीपर्यंत लांबच लांब सळ्या न्याव्या लागल्या, आणि प्रारंभींच्या टी-३४ मध्यें गिअर बदलणें हें अंगमेहनतीचें काम होऊन बसलें. म्हणजे मागें ठेवण्यालाहि मूल्य द्यावें लागतें. पुढें ठेवण्याचें मूल्य म्हणजे तो लांब दांडा, त्याच्यामुळें उंच घ्यावा लागलेला तळ, आणि चक्रांची उष्णता व खडखडाट माणसांच्या कुशींत. रचनाकारानें दोहोंपैकीं एक मूल्य द्यावयाचें पत्करलें, यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. अमेरिकनांनींहि आपल्या शेरमन रणगाड्यांत इंजिन मागें व गिअरबॉक्स पुढें अशीच मांडणी केली होती.

आमचा आक्षेप याच्या पुढच्या पायरीवर आहे. गिअरबॉक्स पुढें ठेवली, ठीक. परंतु ती केव्हां तरी बिघडेल, केव्हां तरी बाहेर काढावी लागेल, याचा विचार त्या मांडणींत कोठें दिसतो? ‘टायगर’ची गिअरबॉक्स बदलावयाची म्हणजे काय करावें लागे, तें पाहण्यासारखें आहे. पुढून वाट नाहीं, वरून वाट नाहीं. उरली वाट बुरुजाच्या भोंकाची. म्हणून प्रथम सुमारे ११ टनांचा अख्खा बुरूज, त्यांतील तोफेसह, उचलून बाजूला ठेवावा लागे. त्यासाठीं दुरुस्तीपथकाजवळ चौकटीसारखी उभी राहणारी, पंधरा-सोळा टन पेलणारी यारी असे. ती आणून सपाट जागीं उभी करावयाची. मग आंतील संदेशयंत्रें व इतर अडथळे काढावयाचे, मागून येणारा दांडा सोडवावयाचा, दोन्ही बाजूंचे आडवे दांडे सोडवावयाचे, आणि पेटी मागें ओढून बुरुजाच्या भोंकाखालीं आणून तेथून वर उचलावयाची. नवी पेटी बसवावयाची ती याच मार्गानें उलट्या क्रमानें. तोफेंत कांहीं बिघाड नाहीं, बुरुजांत कांहीं बिघाड नाहीं. तरी पेटींतल्या एका दंतचक्राचा दांत तुटला म्हणून तोफ जमिनीवर उतरते. ज्या रणगाड्याचें सारें प्रयोजन ती तोफ आहे, त्याच्या रचनेंत हा क्रम यावा, याला अनौचित्य याहून सौम्य शब्द आम्हांला सांपडत नाहीं.

मागाहून शहाणपण सांगणें सोपें असतें, असें कोणी म्हणेल. परंतु हा शहाणपणा मागाहून सुचलेला नव्हे. शेरमन व ‘टायगर’ एकाच वर्षीं रणांगणावर आले. शेरमनचें पुढचें नाक स्वतंत्र ओतलेलें असून धडाला बोल्टांनीं जोडलेलें होतें. प्रारंभीं तें तीन तुकड्यांचें असे, पुढें एकाच तुकड्याचें झालें. बोल्ट सोडले कीं नाकासह गिअरबॉक्स व तिच्या सोबतचीं चक्रें समोरून बाहेर ओढतां येत. बुरुजाला हात लावण्याचें कारणच नसे. यावर ‘टायगर’चा कैवारी म्हणेल कीं, शेरमनचें पुढचें चिलखत ‘टायगर’च्या सुमारें निम्म्या जाडीचें, १०० मिलिमीटरची तक्तपोशी बोल्टांवर टांगणें म्हणजे ज्या ठिकाणीं गोळा लागावयाचा नेमक्या त्याच ठिकाणीं दुबळेपणा पत्करणें. हें उत्तर आम्ही मान्य करतों. जाड चिलखताला सांधलेलें नाक हेंच शोभतें. पण मग छताचें काय? छत २५ मिलिमीटरचें, आणि समोरून येणाऱ्या गोळ्याशीं त्याचा संबंध सर्वांत कमी. तें काढतां-घालतां येण्याजोगें करण्यास कोणती हरकत होती? कांहींच नव्हती, याचा पुरावा जर्मनांनींच दिला आहे. ‘टायगर’नंतर अल्पावधींतच आलेल्या ‘पँथर’ रणगाड्यांत चालकाच्या व त्याच्या जोडीदाराच्या डोक्यावरचें छत बोल्टांनीं बसविलेलें असून त्या वाटेनें गिअरबॉक्स बाहेर काढण्याची सोय होती. आणि पुढें १९४४ सालीं आलेल्या ‘टायगर दोन’मध्येंहि तशीच काढतां येणारी छताची तक्तपोशी ठेवली गेली. रचनाकारांनीं स्वतःच्या पुढच्या आवृत्तींत जी दुरुस्ती केली, तिच्याहून स्पष्ट अशी पहिल्या आवृत्तीवरील टीका आम्ही काय करणार?

मग पहिल्या आवृत्तींत ही चूक राहिली कशी? याचें उत्तर बुद्धीच्या उणिवेंत शोधूं नये. जो कारखाना आठ गिअरांची ती नाजूक पेटी आणि दोन वळणांची ती यंत्रणा एका धडांत जुळवूं शकला त्याला चार बोल्टांचें झांकण सुचलें नसतें असें मानणें बालिशपणाचें आहे. उत्तर घाईंत आहे. मे १९४१ मध्यें अवजड रणगाड्याची मागणी पक्की झाली, आणि २० एप्रिल १९४२ रोजीं, हिटलरच्या वाढदिवशीं, पूर्व प्रशियांत रास्टेनबुर्ग येथें नमुना दाखवावयाचा होता. अवघें अकरा महिन्यांचें काम. पोर्शेचा प्रतिस्पर्धी नमुनाहि त्याच दिवशीं तेथें उभा होता. त्या नमुन्यांत नेहमींची गिअरबॉक्सच नव्हती. इंजिनांनीं वीज निर्माण करावयाची व विजेच्या मोटारींनीं मागचीं दांतेरी चाकें फिरवावयाचीं, अशी ती धाडसी योजना होती. गिअरबॉक्सचा प्रश्न तिनें मुळांतूनच नाहींसा केला, परंतु इंजिनांच्या त्रासामुळें व इतर अडचणींमुळें ती फसली, आणि आधींच तयार झालेल्या सुमारे नव्वद धडांच्या पुढें ‘फर्डिनांड’ नांवाच्या स्वयंचलित तोफा करण्यांत आल्या. हेन्शेलचा नमुना त्यामानानें जुन्या वळणाचा, म्हणून विश्वासाचा ठरला. परंतु ४५ टनांच्या वर्गांत मोडावयाचा म्हणून आरंभिलेला हा रणगाडा वाढत वाढत ५७ टनांवर गेला होता. वाढदिवशीं दाखवावयाच्या वस्तूंत जें डोळ्यांत भरतें त्याचीच काळजी घेतली जाते. झांकणाचे बोल्ट कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत.

परिणाम प्रथम दिवसापासून दिसूं लागले. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस लेनिनग्राडच्या आघाडीवर म्गा गांवाजवळ पहिले चार ‘टायगर’ उतरविण्यांत आले, आणि शत्रूचा गोळा लागण्यापूर्वींच त्यांतील कांहीं यंत्राच्या बिघाडानें अडकून पडले. नव्या यंत्राच्या बाळखोडी म्हणून हें सोडून देतां येईल, व पुढें कांहींशी सुधारणा झालीहि. मूळ अडचण मात्र सुधारणेच्या आंवाक्याबाहेरची होती. बंद पडलेला ‘टायगर’ ओढून नेण्यासाठीं जर्मन सैन्याजवळ जीं सर्वांत मोठीं ओढगाडीं होतीं तीं १८ टनांच्या वर्गांतलीं. तशीं दोनतीन एकापुढें एक जोडावीं लागत. एका ‘टायगर’नें दुसऱ्या ‘टायगर’ला ओढणें नियमानें मना होतें, कारण ओढणाऱ्याच्याच गिअरबॉक्सवर संकट येई, तरी निरुपायानें तें वारंवार करावें लागे. सैन्य पुढें सरकत असेल तोंपर्यंत यारी, सपाट जागा आणि सवड या तिन्ही गोष्टी मिळूं शकतात. १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन सैन्य बहुतेक मागेंच सरत होतें. माघारींत यारी उभी करून बुरूज उतरवीत बसणें म्हणजे घराला आग लागली असतां पाया खणीत बसण्यासारखें. अशा वेळीं आंतल्या माणसांनीं स्वतःच सुरुंग लावून आपला रणगाडा उडवून द्यावा व पायीं निघून जावें, हाच उपाय उरे. आणि अनेक ‘टायगर’चा शेवट असाच झाला. त्यांचें १०० मिलिमीटरचें चिलखत शेवटपर्यंत अभंग होतें.

साहित्याच्या वाचकाला विशेष मनोरंजक वाटेल अशी एक गोष्ट येथें नमूद करतों. १९४३ सालीं जर्मन सैन्यानें ‘टायगर’च्या तरुण सैनिकांसाठीं ‘टायगरफीबेल’ नांवाची एक पुस्तिका काढली. फीबेल म्हणजे मुलांचें पहिलें पुस्तक, आपली अंकलिपी म्हणाना. तींत यंत्राची निगा यमकबद्ध पद्यें, विनोदी चित्रें आणि थोडा चावटपणा यांच्या साह्यानें शिकविली आहे. सरकारी सूचनापत्रकांची रुक्षता ज्यांनीं भोगली आहे त्यांना ही पुस्तिका पाहून कौतुक वाटेल, व तें कौतुक अस्थानीं नाहीं. परंतु आम्हांस तींत एक उदास सूरहि ऐकूं येतो. रचनेनें जी काळजी घ्यावयास हवी होती, तिचा भार येथें वाचकावर टाकला जात आहे. यंत्राला जपा, तेल पाहा, ताण देऊं नका, हें वीस वर्षांच्या पोराला पद्यांत सांगावें लागतें, कारण चुकल्यास उचलावा लागणारा बुरूज ११ टनांचा आहे. ज्या काव्याला पानोपानीं टीपा जोडाव्या लागतात त्याच्या टीपा सुरेख असल्या तरी काव्याचा दोष झांकला जात नाहीं.

आमच्या विवेचनाचा एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. तो आधींच खोडून काढतों. झांकण असतें तर सर्व ठीक झालें असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. ‘पँथर’ला झांकण होतें. परंतु त्याच्या अखेरच्या दंतचक्रांची घडण दुबळी होती. युद्धानंतर फ्रेंच सैन्यानें ते रणगाडे कांहीं काळ वापरले, तेव्हां १९४७ च्या त्यांच्या अहवालांत या चक्रांचें सरासरी आयुष्य अवघें १५० किलोमीटर दिलेलें आहे. म्हणजे पुण्याहून मुंबईस जातां जातांच तीं संपलीं. ‘टायगर दोन’लाहि झांकण होतें, पण त्याचें वजन ६८ टनांवर जाऊनहि इंजिन तेंच ७०० अश्वशक्तीचें आणि गिअरबॉक्स त्याच ‘ओल्व्हार’ घराण्यांतली. दरवाजा केला, आणि आंतल्या माणसावर ओझें मात्र वाढविलें. तेव्हां झांकण ही एक खूण आहे, इतकेंच आमचें म्हणणें. रचनाकाराच्या मनांत आपली कृति कोणत्या अवस्थेंत उभी होती, तें त्या खुणेवरून कळतें. ‘टायगर’च्या कर्त्यांपुढें तो सदैव चालता, सदैव पुढें जाणारा, सदैव जिंकणारा असाच उभा होता. बिघडलेला, चिखलांत रुतलेला, पावसांत उघडलेला ‘टायगर’ त्यांनीं डोळ्यांपुढें आणलाच नाहीं, किंवा आणण्याची त्यांना सवड मिळाली नाहीं. ज्या राज्यासाठीं तो घडला त्या राज्याची विचारसरणीहि याहून निराळी नव्हती. आपण थांबूं, आपणांस मागें फिरावें लागेल, ही कल्पनाच तेथें राजद्रोह ठरे.

आणि एक गोष्ट. ‘टायगर’ची स्तुति करणारे त्याच्या चालकांचीं व सेनानायकांचीं नांवें तोंडपाठ सांगतात. त्या कासेलच्या कारखान्यांत परदेशांतून धरून आणलेले मजूर सक्तीनें राबविले जात होते, याचा उल्लेख त्यांच्या लेखांत क्वचितच येतो. आणि रात्रीच्या थंडींत तेलानें बरबटलेल्या हातांनीं बुरुजाचे बोल्ट सोडविणाऱ्या दुरुस्तीपथकांतील कारागिरांचाहि येत नाहीं. अमुक सैन्याच्या कारागिरांची कणव करावी, असा आमचा आग्रह नाहीं. तें सैन्य काय करीत पुढें गेलें होतें याचा विसर आम्हांला पडलेला नाहीं. परंतु रचनेचा न्याय करावयाचा असेल तर साक्षीदार म्हणून याच माणसांना बोलावलें पाहिजे. चालकाला यंत्राचें सुख कळतें, शत्रूला त्याचें भय कळतें. त्याची आंतली मांडणी जो उघडतो त्यालाच कळते. ग्रंथाच्या बाबतींतहि असेंच नव्हे काय? एका बैठकींत वाचून माना डोलावणारे पुष्कळ असतात. तोच ग्रंथ वर्षानुवर्षें वर्गांत शिकविणाऱ्याला त्याचे सांधे कोठें उघडतात आणि कोठें उघडतच नाहींत हें ठाऊक होतें.

एप्रिल १९४३ मध्यें ट्युनिसियांत ब्रिटिशांच्या हातीं सांपडलेला एक ‘टायगर’ आज इंग्लंडमध्यें बोव्हिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. बऱ्याच परिश्रमांनीं त्याची दुरुस्ती करण्यांत आली असून तो प्रेक्षकांपुढें चालवूनहि दाखविला जातो. त्याला चालतांना पाहून लोक थक्क होतात, यांत नवल नाहीं. त्या गर्दींत आमचा तो विद्यार्थी असता तर त्यानें पुन्हा तोच प्रश्न विचारला असता. त्याला आतां आम्ही उत्तर देऊं शकतों: बाळा, हा येथून उघडत नाहीं, तेथूनहि उघडत नाहीं; याची तोफ आधीं खालीं उतरवावी लागते. त्याच्या वडिलांना हें उत्तर सांगितलें तर ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहतील आणि विचारतील, असें कोणी केलें? आमच्या मतें ‘टायगर’वरील टीकेचा प्रारंभ त्या प्रश्नापासून व्हावयास पाहिजे.